माळवदापासून गच्चीपर्यंत

उदगीरच्या घरांवर कुंड्या चढल्या त्या १९९३ नंतर. त्याआधी आमच्या गावात बाग म्हणजे परस. न्हाणीचं पाणी वाड्यामागं जिथं जाई तिथं अळू, कर्दळ आणि केळ; आडाजवळ लिंबू नाहीतर कढीपत्ता; दारात तुळस आणि पांढरी कण्हेर. वर माळवद. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर, आणि दर वर्षी मृगाच्या आधी पांढऱ्या मातीचा नवा हात. माळवदावर कुरडया वाळायच्या, उन्हाळ्यात माणसं झोपायची, पण पाणी सांडू दिलं जायचं नाही. एकदा पाणी मुरलं की पावसाळाभर घर गळणार, हे लहान पोरालाही माहीत असायचं. तिथं रोप लावायचा विचार कोण करणार?

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं अंगावर आलं होतं. उदगीर वाचलं, पण त्या पहाटेनंतर माळवदाखाली पाठ टेकवताना प्रत्येकाची नजर वर जायची. पुढच्या काही वर्षांत ज्याला जमेल तसं त्यानं माळवदाची माती उतरवली. कुणी पत्रे घातले, कुणी कर्ज काढून स्लॅब टाकला. आमच्या गल्लीला गच्ची मिळाली ती अशी, भीतीपोटी. तिच्यावर पुढं इतकं हिरवं उगवलं, तरी ती कशातून आली हे आमच्या पिढीला विसरता येत नाही.

पहिल्यांदा वर गेल्या त्या डालड्याच्या डब्यातल्या तुळशी. मग मोगरा, मग कोथिंबीर, मग सिमेंटच्या पोत्यात वांगी. गच्च्या एकमेकींना लागून होत्या आणि कठडे कमरेएवढे. आधी बायकांची गाठ नळावर नाहीतर आडावर पडायची, तीही घाईत, घागर भरेपर्यंत. आता संध्याकाळी पाणी घालायच्या निमित्तानं कठड्याशी उभं राहता येऊ लागलं. सून सासूपासून दूर येऊन दोन शब्द बोलू शकत होती. पलीकडच्या गच्चीवरच्या अक्का लिंगायत, त्यांच्या मागच्या घरी आपा, कोपऱ्यावर निवृत्त गुरुजी. एरवी ही चार घरं सणासुदीला फराळाचं ताट देण्यापलीकडं एकमेकांत फारशी गेली नसती. एकीच्या दोडक्याचा वेल दुसरीच्या कठड्यावर चढला आणि दोडके कुणाचे हे ठरवता ठरवता येणं-जाणं सुरू झालं. ज्याच्या बाजूला लोंबेल त्यानं तोडावा, असं शेवटी अक्कांनी ठरवून दिलं. तोच नियम आजही चालतो.

आमच्याकडच्या झाडांची नाती लांबलांबची आहेत. १९५६ पर्यंत उदगीर हा बिदर जिल्ह्याचा तालुका होता. राज्यांची नवी आखणी झाली, बिदर म्हैसूर राज्यात गेलं आणि उदगीर आधी उस्मानाबादला, पुढं १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्याला जोडलं गेलं. सोयरीक मात्र कागदावरच्या रेषेनं तुटत नाही. भालकी, बिदर, देगलूर, देवणी इथं मुली दिल्या जात होत्या आणि तिकडच्या सुना इकडं येत होत्या. माहेराहून परतताना पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळलेली एखादी काडी असायचीच. अक्कांचा दुहेरी मोगरा भालकीचा. आमची पिवळी शेवंती देगलूरची. बिदरकडून कुणी गाडी घेऊन येत असेल तर दोन पोती लाल माती आणायला सांगायची, कारण आमची काळी माती कुंडीत त्रास देते. भिजली की फुगते, पाणी धरून मुळं कुजवते आणि वाळली की तिच्यात बोट जाईल एवढी भेग पडते. लाल माती, मुरलेलं शेणखत आणि सुगीनंतर शेताच्या बांधावर पडून असलेलं सोयाबीनचं भुसकट, असा मेळ बसायला आम्हाला काही वर्षं लागली. भुसकटानं कुंडी हलकी होते. स्लॅबवर ओझं नको, ही धास्ती भूकंपापासून सगळ्यांच्या मनात होतीच.

या भुसकटाच्या वाटेवर आम्हाला श्री. अ. दाभोळकर भेटले, म्हणजे त्यांचं 'विपुलाच सृष्टी' गुरुजींच्या हातून भेटलं. गणिताचा हा प्राध्यापक कोल्हापुरात बसून सांगत होता की पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं. त्यांच्या प्रयोग परिवारानं महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनाही उभं केलं. मला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. स्वतः करून पाहिलेलं दुसऱ्याला कळवायचं, आणि कळवणारा शेतकरी असो की गृहिणी, त्याचा अनुभव विद्यापीठातल्या माणसाच्या अनुभवाइतकाच मोलाचा धरायचा. दहा गुंठे आमच्यातल्या कुणाकडे नव्हते. पण पालापाचोळा जाळायचा नाही, घरातला ओला कचरा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे आमच्या गल्लीनं उचललं. मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघराच्या कचऱ्यातून बाग फुलवली, हे पुढं वाचलं तेव्हा गुरुजींना झालेला आनंद मी पाहिला आहे. घरचीच बातमी छापून आल्यासारखे ते प्रत्येकाला कात्रण दाखवत होते.

सणांनी या मैत्रीला हक्काचं रूप दिलं. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की सोळा भाज्या लागतात. बाजारात त्या एका दिवशी पडवळाचा तुकडासुद्धा परवडत नाही. मग आदल्या संध्याकाळी गच्च्यांवरून हाका सुरू. कुणाचं घोसाळं, कुणाचा भोपळा, कुणाची अंबाडी, आघाडा आणि केना गुरुजींच्या मागच्या मोकळ्या जागेतून. सोळाची भरती करताना कुणाच्या घरी काय लागतंय हे आपोआप कळायचं, आणि यंदा कुणाकडे हात आखडता आहे हेही. न बोलता एखाद्या घरी दोन भाज्या जास्त जायच्या.

त्याहून जवळची म्हणजे येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव आणि बिदरच्या पट्ट्याबाहेरच्या वाचकाला ती कदाचित ठाऊक नसेल. त्या दिवशी आमची गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात असतात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर यांचा नैवेद्य दाखवायचा आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवू घालायचं. पण ज्यांची शेती गेली किंवा कधी नव्हतीच, त्यांनी कुठं जायचं? अक्कांनी एका वर्षी गच्चीवर चार कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या आणि कुंड्यांच्या मधोमध पांडव मांडले. भज्जीला ओला हरभरा, तुरीचे आणि वालाचे दाणे, मेथी, पातीचा कांदा, वांगी, गाजर असं जे जे हिरवं मिळेल ते लागतं. मग वर चिंचेचं पाणी आणि बेसन. त्यातली मेथी, पात, वांगी, वाल आमच्या गच्च्यांवरचे. मातीच्या बिंदग्यात आंबील होतं. आपा खाली उभ्या राहून विचारत होत्या, "आम्ही आलं तर चालंल का?" अक्का वरूनच म्हणाल्या, "यळवसाला विचारत्यात का? या की वर." शेत नसलेल्यांची येळवस तेव्हापासून आमच्याकडे गच्चीवर होते.

मग दुष्काळ आला. तो एका वर्षात आला नाही. २०१२ चा पाऊस रुसला, मधे थोडा श्वास मिळाला, २०१४ आणि २०१५ नं तो काढून घेतला. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन ती लातूरला पोचली, ते दृश्य साऱ्या देशानं पाहिलं. इकडं उदगीरला टँकरची वाट पाहत रांगा होत्या. त्या उन्हाळ्यात झाडाला पाणी घालणं हा शब्दही मोठ्यानं उच्चारायची लाज वाटायची. माणसाला पुरेना, जनावरं लोक दावणीची सोडत होते, तिथं मोगऱ्याचं काय?

तरी झाडं अशी हातानं सोडवत नाहीत. तांदूळ धुतलेलं पाणी, भांड्याचं पहिलं पाणी, भाजी निवडून धुतलेलं पाणी वेगवेगळ्या बादल्यांत साठायला लागलं. गुरुजींनी एका दवाखान्यातून वापरून झालेल्या सलाईनच्या बाटल्या आणल्या, गरम पाण्यानं धुतल्या, बूड कापून काठीला उलट्या टांगल्या. नळीची चकती फिरवून थेंब इतका बारीक करायचा की एक बाटली रात्रभर चालावी, आणि नळीचं टोक मुळाशी मातीत खुपसायचं, वर भुसकटाचं आच्छादन घालायचं. लिंबू आणि कढीपत्ता त्याच्यावर तगले. बाकीची झाडं वाचणार नव्हती हे मार्चमध्येच स्पष्ट झालं होतं.

आपांच्या वाड्यातला जुना आड तेवढा अजून तळाला ओला होता. रोज मोजक्या घागरी निघायच्या, त्यातली पहिली शेजारच्या म्हातारीची. आपांनीच निरोप धाडला की प्रत्येकानं आपल्याकडच्या प्रत्येक जातीचं एकेक रोप आणून ठेवावं. दोन रोपं नको, एकच. आम्ही संध्याकाळी एकेक कुंडी घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. कुंडीवर डब्याच्या झाकणाचा तुकडा, त्यावर ऑइल पेंटनं घराचं नाव. निंबाच्या सावलीत ओळीनं गुलाब, शेवंती, मोगरा, गवती चहा, अनंत आणि अंबाडीच्या बियांच्या पुरचुंड्या. "पानी है तब तक रहेंगे, घबराव नको," आपा म्हणाल्या. घरी गच्चीवर जे राहिलं त्याकडे आम्ही मग पाहिलं नाही. मेपर्यंत ते वाळून गेलं.

२०१६ चा पावसाळा भरभरून झाला. श्रावणात आपांच्या अंगणातून फांद्या आणि फुटवे परत घरोघर गेले. देगलूरची शेवंती मात्र तिथंही जगली नव्हती. मी ती गेली असं धरून बसले होते. पण पूर्वी कधीतरी मी तिचे फुटवे गुरुजींच्या लेकीला दिले होते, ती बिदरला असते. तिच्याकडे वाफ्यात पसरली होती. दसऱ्याला ती आली तेव्हा ओल्या फडक्यात शेवंती घेऊन आली. आपलं झाड आपल्याच घरी सांभाळून जितकं टिकतं, त्याहून वाटून जास्त टिकतं, हे त्या वर्षी आमच्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या कुंडीत दिसलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावठी बियाण्यांचं त्यांचं काम मला कळलं ते या अनुभवावरून. बी वाटायचं, पेरल्यावर परत घ्यायचं, पुन्हा वाटायचं.

भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत बायकांसोबत उभ्या राहिलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचं कामही याच जातीचं. घरच्या शेतातला एक एकर बाईच्या हातात द्यायचा, त्यात तिनं घराला लागणारी धान्यं, डाळी, भाजीपाला पिकवायचा. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या त्या एकराच्या तुलनेत आमच्या गच्च्या अगदीच लहान, पण घरात काय शिजणार हे ठरवायचा अधिकार दोन्हीकडे बाईच्याच हाती आला.

टाळेबंदीबद्दल थोडक्यात. २०२० च्या मार्चपासून गच्ची हाच रस्ता होता. कठड्यावरून पालेभाजी गेली, आल्याचे तुकडे गेले, गवती चहा आणि तुळशीच्या मंजिऱ्या गेल्या. गुरुजी त्याच काळात गेले, दुसऱ्या आजारानं, आणि खांद्याला आम्ही चार माणसंही नीट जमू शकलो नाही. त्यांच्या कुंड्या आम्ही वाटून घेतल्या. घरच्यांनीच तसं सांगितलं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये पंचाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरलं, भारत सासणे अध्यक्ष होते. भर उन्हाळ्यात महाराष्ट्रभरातून पाहुणे आले. आमच्या गल्लीतही काही घरी उतरले होते. त्यांना गच्ची दाखवताना अक्का सांगत होत्या, हा मोगरा कुणाचा, हे लिंबू कुणाचं. एका बाईंनी अनंताची फांदी मागितली. ती आता साताऱ्याकडं कुठंतरी असेल.

आता लिंबोटी धरणाचं पाणी शहराला मिळू लागलंय आणि आमचा जुना धाक कमी झालाय. त्याबरोबर काही गोष्टी निसटतायत. नव्या घरांच्या अंगणात सिमेंटचे गट्टू बसवतात, न्हाणीचं पाणी थेट गटारात जातं, अळूला जागाच उरत नाही. गोदावरीकाठच्या कडियमहून रोपवाटिकांचे ट्रक येतात, दीडशे रुपयांत फुललेलं झाड घरी येतं. त्यात वाईट काही नाही, मीही घेतलं आहे. पण विकत आणलेल्या झाडाचं कुणाशी नातं लागत नाही, ते मेलं तर कुणाला विचारायला जायचं? म्हणून आम्ही उरलेल्या तिघी-चौघींनी ठरवलंय की गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे कढीपत्त्याचं एक रोप पोचतं करायचं. परवाच भाड्यानं आलेल्या एका मुलीला अक्कांनी दिलं. ती कुंडी कुठून आणू म्हणाली, तर गुरुजींची एक रिकामी होती.

गुरुजींच्या परसातला एक जांभळ्या शेंगांचा वाल होता, येळवसाच्या भज्जीत तो हटकून असायचा. त्याचं बी आमच्यापैकी कुणाकडेच उरलेलं नाही. देवणी आणि भालकीकडच्या दोन घरी दिल्याचं अक्कांना आठवतं. दोन्हीकडे निरोप गेला आहे.