कोयासानचं ताट

जपानला जाणारी आपली शाकाहारी मंडळी हल्ली कोयासानच्या डोंगरावर एखाद्या मठात रात्रीचा मुक्काम करतात. परत आली की ठामपणे सांगतात, बौद्ध भिक्षू शाकाहारीच असतात! इथे आपण जरा थांबू या.

बुद्धाच्या काळी भिक्षू भिक्षेत पडेल ते खात. प्राणी आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंकाही नाही, तर मांस चालत असे. देवदत्ताने मांस-मासे बंद करण्याची मागणी केली, ती बुद्धाने मान्य केली नाही, असं विनयपिटक सांगतं. शाकाहाराचा आग्रह पुढे महायान परंपरेत, विशेषतः चीनमध्ये, रुजला. मठांची स्वतःची शेती आणि स्वयंपाकघरं झाली. भिक्षा मागणाऱ्याला निवड नसते, रांधणाऱ्याला असते.

हाच स्वयंपाक जपानात 'शोजिन र्‍योरी' झाला. यातला 'शोजिन' म्हणजे आपल्या संस्कृतातल्या 'वीर्य' शब्दाचं भाषांतर. अर्थ प्रयत्न, चिकाटी. शाकाहार नव्हे!

आता गंमत बघा. १८७२ साली जपान सरकारने भिक्षूंना मांसाहाराची आणि लग्नाची मोकळीक दिली. म्हणजे आपल्यापुढे ताट ठेवणारा भिक्षू एरवी मासे खातही असेल. मग हे ताट पर्यटकांपुरतं नाटक का? आम्हाला तसं वाटत नाही. आपल्याकडे मासे खाणाऱ्या घरातही नैवेद्याच्या स्वयंपाकात कांदा-लसूण येत नाही ना? तसंच हे. इथेही कांदा-लसूण वर्ज्यच, बटाटा मात्र चालतो.

लाखेच्या छोट्या चौरंगावर वाट्या येतात. भात, मिसोचं सार, लोणचं, भाज्यांची तेंपुरा. कोया-दोफू म्हणजे गोठवून वाळवलेला तोफू. तो स्पंजासारखा रस पितो. गोमा-दोफूत नावाला तोफू, पण सोयाबीन अजिबात नाही. तीळ वाटून कुझू नावाच्या कंदाच्या पिठात शिजवायचे, सतत ढवळत. हात भरून येतात म्हणे! वाढलेलं टाकायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मठाबाहेर मात्र सावध. इथल्या साराला चव येते ती कोंबू शेवाळ आणि शिताके अळंबीची. बाहेर साध्या भाजीच्या सारातही बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. 'मांस नको' म्हटल्याने तो सुटत नाही, 'दाशी कशाची?' असंच विचारावं लागतं.