वाफेला रंग नसतो

श्रावणात शिळफाट्यावर, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, ठाकूर-कातकरी बायका पाट्या मांडून बसतात. शेवळं संपलेली असतात, करटोली असतात आणि त्यांच्या शेजारी तवसं. हे तवसं म्हणजे कोशिंबिरीची कोवळी काकडी नव्हे. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, साल पिवळटून तपकिरी झालेली, आत बिया टणक. कोशिंबिरीला ते नको असतं, म्हणून स्वस्तही मिळतं. धोंडसाला मात्र हेच लागतं. गोव्याकडे याला तवसळी म्हणतात, आमच्याकडे धोंडस. तांदळाचा रवा, गूळ आणि काकडी यांची वाफेवर शिजलेली तपकिरी भाकर म्हटली तरी चालेल. केक म्हणू नये, आत्याला राग यायचा.

अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या भागात असाच एक ब्रेड करतात. राय, मका आणि गहू यांची पिठं, मळीचा काळा पाक, ताक आणि सोडा एकत्र करून ते कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरायचं, तोंड बांधायचं आणि उकळत्या पाण्यात डबा उभा करून दोन-तीन तास ठेवायचा. शनिवारी रात्री भाजलेल्या घेवड्याबरोबर खायचा. ही दोन घरं एकमेकांपासून हजारो मैल लांब, पण अडचण एकच. चूल आहे, भट्टी नाही. भट्टी नसलेल्या घरात पाव करायचा तर वाफेनेच.

वाफ फार उष्ण नसते, 100 अंशांच्या आसपासच. तरी ती झपाट्याने शिजवते, कारण थंड भांड्याला लागून तिचं पाणी होतं तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी उष्णता ती सोडते. तांदळातली पिष्टं 65 ते 75 अंशांना फुगून घट्ट धरू लागतात, म्हणजे शिजवण्यापुरती वाफ भरपूर आहे. पण पावाचा वरचा पापुद्रा खरपूस व्हायला 140 अंशांच्या वर जावं लागतं, आणि तिथे वाफ पोचतच नाही. वाफेला स्वतःचा रंग नाही. धोंडसाचा तपकिरी रंग आपण भांड्यात घालू तेवढाच, म्हणून सगळी मदार गुळावर.

पिवळाधमक गूळ घेतला तर धोंडस फिकट होतं. तो पिवळेपणा बहुधा रस शुद्ध करताना घातलेल्या हायड्रोस या रसायनाचा असतो. काळपट, मऊ, किंचित खारट लागणारी ढेप शोधावी. चिकीचा गूळ नको. तो घाटावर लोणावळ्याच्या चिक्कीला शोभतो, इथे धोंडस दातांना चिकटेल.

रवा घरचा करावा. तांदूळ जुना हवा, नव्याचा गोळा होतो. श्रावणात घरात जुनाच असतो, ती काळजी नाही. कर्जतच्या संशोधन केंद्रातून आलेल्या ‘कर्जत 3’सारखा आखूड, जाडा दाणा उत्तम. धुऊन फडक्यावर पसरून सुकवायचा आणि मिक्सरमध्ये भरड काढायची. भरडच, पीठ नव्हे. तांदळात गव्हासारखा चिवटपणा नाही, त्यामुळे हवा धरून ठेवणारी जाळी तयार होत नाही. पीठ केलंत तर वडी होईल. दाण्यादाण्यांमधल्या फटींतून वाफ आत शिरते, त्या फटी हाच इथला यीस्ट.

प्रमाण असं: एक वाटी रवा, दोन वाट्या किसलेलं तवसं, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूट मीठ, थोडं जायफळ. आधी तवशाचं देठाकडचं टोक कापून जिभेवर ठेवून बघा. कडू असेल तर पुढचा इंचभर आणखी कापा, तरी कडू असेल तर दुसरं तवसं. कडवटपणा देठाकडे जास्त साठतो, आणि गूळ तो झाकत नाही. साल काढा, बिया काढा, किसा. पिळू नका, रवा त्याच रसात शिजणार आहे.

चमचाभर तुपात रवा मंद आचेवर परता. रंग बदलायची वाट पाहू नका, वास आला की उतरवा. टोपात किस आणि गूळ एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत ठेवा, उकळी आली की खोबरं, मीठ, जायफळ आणि रवा घाला, ढवळा, झाका. अर्धा तास हात लावू नका. रवा पाणी पितो. मग मिश्रण डावातून थबकन पडेल इतपत हवं. घट्ट वाटलं तर नारळाचं दूध शिंपडा, पातळ वाटलं तर आणखी दहा मिनिटं थांबा.

सोडा मी घालत नाही. घालायचाच तर चमचाभर ताकाबरोबर, नाहीतर साबणाची चव येते. न्यू इंग्लंडच्या त्या ब्रेडमध्ये ताक आणि मळी असते ती यासाठीच, सोड्याला आंबट सोबती लागतो.

आता भांडं. डब्याला तूप लावून तळाला हळदीचं पान ठेवा. पाऊण भरा. मोठ्या टोपात जाळीचं स्टॅंड, खाली दोन बोटं पाणी, उकळलेलं. पाणी डब्याला टेकता कामा नये. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर झाकणावर जमलेले थेंब वर पडून मधोमध चिखल होतो. माझं पहिलं धोंडस असंच गेलं. दुसऱ्यांदा पाणी आटलं आणि टोपाचा तळ करपला. मग आत्याने फोनवरून विचारलं, ‘‘अगं, पाण्यात नाणं टाकलं नाहीस?’’ खालच्या पाण्यात एक रुपया टाकायचा. पाणी उकळत असतं तोवर तो खडखडतो. खडखड थांबली की पाणी संपत आलं. मी आता खिडकीशी बसून भाजी निवडते, कान तेवढा नाण्याकडे.

कुकर वापरलात तर शिट्टी काढा. दाब आला की पाणी 120 अंशांपर्यंत चढतं, आणि धोंडस वर फुगून झाकणाला चिकटतं. टोप असो की कुकर, तीस मिनिटांनी सुरी खुपसा, कोरडी आली की बंद करा. घाट चढून लोणावळ्यात करत असाल तर पाच-सात मिनिटं जास्त लागतात, तिथे पाणी साधारण 98 अंशांनाच उकळतं.

झाल्यावर लगेच कापायची घाई केली तर चुरा होतो. गरमीत पिष्टं सैल असतात, थंड होताना घट्ट होतात. दोन तास तरी तसंच राहू द्या. उरलं तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या बोटाएवढ्या जाड फोडी करून तव्यावर तुपात ठेवा. तवा 140 च्या वर सहज जातो. कडा लागलीच काळसर होतात, गूळ फसफसतो, आणि आदल्या दिवशी वाफेने जे देता आलं नाही ते तेव्हा मिळतं. आमच्याकडे आदल्या दिवशीचा तुकडा मुद्दाम राखून ठेवतात.