ईएनटीसीच्या सरांचा बुधवार

पहाटे 5.30. दिवसातलं खरं संशोधन सात वाजेपर्यंत उरकायचं. निगडी प्राधिकरणातले लोक दुर्गा टेकडीकडे निघतात तेव्हा मी टेबलाशी बसतो. धाडलेल्या पेपरवर परीक्षकाचा शेरा आलाय: नुसतं सिम्युलेशन चालणार नाही, प्रत्यक्ष गाडीतल्या बिघाडाची रीडिंग द्या. त्याचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून तर जास्त झोंबतं.

सकाळी 9. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे ईएनटीसीच्या वर्गावर लेक्चर. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाने आठवड्याला 14 तास शिकवायचं. बाहेरच्यांना हा आकडा ऐकून हेवा वाटतो. त्यांनी एकदा आमच्या फायलींचं कपाट उघडावं.

सकाळी 11. तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. बेंचवर दोन कंट्रोलर, मधे पिळलेल्या दोन तारा: कॅन बस. बॉशने 1986 मध्ये जगापुढे मांडलेली ही पद्धत. गाडीतले ईसीयू, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट, तिच्यावरून एकमेकांशी बोलतात.

"सर, मेसेज मधेच तुटतोय. काल चालत होतं."

काल सगळ्यांचंच चालत असतं. अख्खा ग्रुप लॅपटॉपवर वाकून प्रोग्राममधली चूक शोधतोय. मी सप्लाय बंद करायला लावतो आणि मल्टिमीटर हातात देतो. दोन तारांमध्ये जवळपास 120 ओहम.

"किती यायला हवं?"

कुणी बोलेना. मग मागून एक मुलगी म्हणते, "साठ, सर. दोन्ही टोकांना 120 चे रेझिस्टर, पॅरललमध्ये."

म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर निखळलाय. तो नसला की सिग्नल टोकाशी जाऊन उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. वीतभर तारेवर हे खपूनही गेलं असतं. म्हणून तर मी तार मुद्दाम लांब ठेवतो.

दुपारी 1. डबा, आणि डब्याशेजारी नॅकच्या मूल्यांकनाची फाइल. याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

दुपारी 2.15. इंटर्नशिपच्या मुलांना भेटायला चाकण. त्रिवेणीनगर, तळवडे, म्हाळुंगे. अंतर थोडं, पण कंटेनरमागे अडकलं की त्याला अर्थ राहत नाही. कंपनीत भेटणारा इंजिनिअर आमचाच जुना विद्यार्थी. मुलं ठीक आहेत. माझी नजर मात्र लाल टॅग लावलेल्या ईसीयूंच्या रॅकवर. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं, बहुतेक दुचाकींतला कार्ब्युरेटर गेला, आणि साध्या बाइकलाही ईसीयू आला. पाऊस, खड्डे, इंजिनाची धग, सगळं आता बोर्डानेच सोसायचं.

"वॉरंटीत परत आलेत, सर. कुठे सोल्डरचा सांधा तडकलाय, कुठे कनेक्टरमध्ये पाणी. तपासून झालं की स्क्रॅप."

"अरे, दोन-चार आम्हाला दे ना."

"परवानगी लागेल, सर." त्यालाही वाईट वाटलेलं दिसतं.

संध्याकाळी 5.30. मोशीवरून भोसरी. उद्या गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. प्रोजेक्टचे पीसीबी आजच उचलायला हवेत.

संध्याकाळी 7. पार्टटाइम पीएचडी करणारा विद्यार्थी शिफ्ट संपवून येतो. त्याच्याकडचा डेटा खणखणीत आहे, पण कंपनीने होकार दिल्याशिवाय त्यातला एक आलेखही छापता येत नाही. तेवढं सोडून आम्ही बाकी सगळ्यावर चर्चा करतो.

रात्री 9.30. इनसेमचे, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेचे पेपर, 30 मार्कांचे. कॅनची आकृती जवळजवळ सगळ्यांनी काढलीय, सारख्याच सुबक; रेझिस्टर दाखवलाय तो मोजक्यांनी.

प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्या दरवर्षी म्हणतात, मुलांना थिअरी येते, बिघाड शोधता येत नाही. खरं आहे. मग एक करा: वॉरंटीत परत आलेल्या बोर्डांवरची नावं, नंबर खरवडा, सॉफ्टवेअर पुसून टाका, पण ती भंगारात घालण्याआधी या पट्ट्यातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये पाठवा. न्यायला आम्ही येऊ.