विश्लेषण : आउटलुकची मेल फाइल फुगली? डिलीट करण्याआधी हे वाचा

आउटलुक उघडायला पाच मिनिटे लागतात, जुना मेल शोधला तर सापडत नाही आणि एके दिवशी नवे मेल येणेच थांबते. लघुउद्योग, सीए, वकील, वाहतूकदार यांच्या कार्यालयांत ही तक्रार नेहमीची. इंटरनेट बदलून किंवा संगणक फॉरमॅट करून ती सुटत नाही, कारण दुखणे बहुतेक वेळा एकाच फाइलमध्ये असते. ती फाइल म्हणजे ‘पीएसटी’. तिला हात लावण्याआधी काय तपासावे आणि ती लहान कशी करावी?

पीएसटी म्हणजे नेमके काय?

आउटलुकमधील मेल, अटॅचमेंट, संपर्क आणि कॅलेंडर एकत्र साठवणारी ही फाइल संगणकाच्या हार्ड डिस्कवर असते. बहुधा ती ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये सापडते. तिच्यासारखीच दिसणारी ‘ओएसटी’ वेगळी. ओएसटी ही सर्व्हरवरील मेलबॉक्सची स्थानिक प्रत असते. ती खराब झाली तरी सर्व्हरवर असलेले मेल पुन्हा उतरवता येतात.

पीएसटीचे तसे नाही. मेल खाते ‘पॉप’ पद्धतीने जोडलेले असेल, तर मेल संगणकावर उतरतो आणि सेटिंगनुसार लगेच किंवा काही दिवसांनी सर्व्हरवरून निघून जातो. कार्यालयाचे जुने मेल मोबाइलवर दिसत नसतील, तर हे एक कारण असू शकते. अशा वेळी पीएसटी हीच त्या मेलची एकमेव प्रत असते.

मर्यादा किती?

आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या स्वरूपात मर्यादा २ जीबी होती. ती ओलांडली की फाइल उघडेनाशी होत असे. तिची दुरुस्ती म्हणजे काही भाग कापून टाकणे, म्हणजेच काही मेल गमावणे. आउटलुक २००३ पासून नवे स्वरूप आले. २००३ आणि २००७ मध्ये मूळ मर्यादा २० जीबी, तर २०१० पासून ५० जीबी आहे. प्रत्यक्षात ४७.५ जीबीलाच नवा मजकूर घेणे थांबते. उरलेली जागा आउटलुक अंतर्गत कामासाठी राखून ठेवते.

रजिस्ट्रीत बदल करून मर्यादा वाढवता येते. पण त्याने दुखणे पुढे ढकलले जाते इतकेच. फाइल जितकी मोठी, तितका तिचा बॅकअप आणि दुरुस्ती वेळखाऊ.

मेल डिलीट केले तरी फाइल तेवढीच का?

मेल डिलीट केल्यावर तो आधी ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातो. तो फोल्डर रिकामा केला तरी फाइलच्या आत फक्त मोकळी जागा तयार होते, फाइलचा आकार लगेच कमी होत नाही. त्यासाठी फाइल ‘कॉम्पॅक्ट’ करावी लागते. क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स असे जाऊन आपली फाइल निवडा. मग सेटिंग्जमध्ये ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ दाबा. फाइल मोठी असेल तर याला काही तासही लागू शकतात. मध्येच संगणक बंद करू नका.

मग सरसकट डिलीट करावे का?

व्यवसायाचे मेल असतील तर नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी कायद्यानुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. अनेक ठिकाणी बिले, खरेदी आदेश आणि दरांची मान्यता मेलवरच असते. वाद उद्भवला तर हाच पुरावा. म्हणून जाहिराती आणि न्यूजलेटर खुशाल काढा, पण व्यवहाराचे मेल जपा.

फाइल विभागायची कशी?

सर्वात सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक आर्थिक वर्षाची वेगळी पीएसटी.

१. आउटलुक बंद करा आणि मूळ फाइलची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घ्या.

२. होम, न्यू आयटम्स, मोअर आयटम्स, आउटलुक डेटा फाइल या मार्गाने नवी फाइल तयार करा. ‘मेल २०२२-२३’ असे स्पष्ट नाव द्या.

३. मेल तारखेनुसार लावून त्या वर्षाचे मेल नव्या फाइलमध्ये हलवा. एकाच वेळी सगळे नकोत, थोडेथोडे हलवा. ‘सेंट आयटम्स’ विसरू नका.

४. नव्या फाइलमधील काही मेल अटॅचमेंटसह उघडून पाहा. खात्री पटल्यावरच मूळ फाइल कॉम्पॅक्ट करा. तोपर्यंत मूळ फाइल लहान होत नाही, त्यामुळे डिस्कवर पुरेशी मोकळी जागा हवी.

आउटलुकची ‘ऑटोआर्काइव्ह’ सोयही आहे. मात्र ती मेलमध्ये शेवटचा बदल कधी झाला हेही पाहते. त्यामुळे जुना मेल अलीकडे हलवला असेल, तर तो मागेच राहू शकतो.

कोणत्या चुका टाळाव्यात?

पीएसटी ऑफिसच्या सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून रोज वापरू नका. ही पद्धत मायक्रोसॉफ्टलाही मान्य नाही, त्यात फाइल बिघडण्याचा धोका असतो. ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला असेल, तर रोज बदलणारी ही अवजड फाइल सतत अपलोड होत राहते. ती त्याबाहेर हलवलेली बरी.

पेनड्राइव्हवर कॉपी करताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला, तर जागा कमी आहेच असे नाही. ‘फॅट ३२’ स्वरूपातील पेनड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल घेत नाही. तो ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करावा लागतो. त्यात पेनड्राइव्हवरील सगळे पुसले जाते, हे लक्षात ठेवा.

फाइल आधीच बिघडली असेल तर?

ऑफिससोबत ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचे साधन मोफत येते. आउटलुक बंद करून ते चालवा, पण मूळ फाइलवर नव्हे, प्रतीवर. दुरुस्तीत काही मेल गळू शकतात. शंभर टक्के डेटा परत देण्याचा दावा करणाऱ्या अनोळखी सॉफ्टवेअरच्या हाती अख्खा पत्रव्यवहार सोपवण्याआधी दोनदा विचार करा.

३१ मार्चला हिशेब बंद करताना त्या वर्षाची मेल फाइलही बंद करावी आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. ते टाळले, तर सात-आठ वर्षांचा पत्रव्यवहार एकाच फाइलच्या भरवशावर राहतो.