सर्वांत मागची सायकल

पुण्याहून दिवे घाटमार्गे सासवडला जाणारा रस्ता आषाढी वारीच्या काळात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा असतो आणि हिवाळ्यातल्या रविवारी, उजाडायच्या आत, सायकल क्लबांचा. हे क्लब स्वतःचे मोजमाप बहुधा वेगात करतात. डिसेंबरातील ज्या सफरीवर हा लेख आधारलेला आहे, तिच्या म्होरक्यानेही हडपसरला निघतानाच ‘आज सरासरी २२’ असे जाहीर केले होते. म्हणजे ताशी २२ किलोमीटर. मात्र या सफरीत अभ्यासण्याजोगे काम कोणाचे असेल, तर ते सर्वांत मागे पिवळे जाकीट घालून चालणाऱ्या, साठी उलटलेल्या सदस्याचे होते. क्लबात त्याला ‘स्वीप’ म्हणतात. त्याच्या मागे गटातले कोणीही उरता कामा नये, एवढीच त्याच्या कामाची व्याख्या.

सपाट रस्त्यावर त्याला फारसे काही करावे लागत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तो पुढचा स्वार झेलतो आणि त्याच्या चाकामागे जवळून चालणाऱ्याचे श्रम वाचतात. या पद्धतीला ड्राफ्टिंग म्हणतात व तिच्यामुळेच गट एकसंध राहतो. वडकीपर्यंत आघाडी आळीपाळीने बदलत गेली, खड्डा दिसला की पुढच्याने खाली बोट दाखवायचे ही खूण शेवटपर्यंत पोहोचत राहिली आणि सरासरी २२ टिकली.

घाट लागताच हे सारे गणित मोडते. चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की हवेचा रोध नगण्य होतो, सगळी शक्ती स्वतःचे व सायकलचे वजन वर नेण्यात खर्ची पडते, त्यामुळे कोणाच्या आडोशाला राहून फारसा लाभ होत नाही आणि ज्याचा तो एकटा पडतो. खाली मस्तानी तलावावर धुके असताना तरुण मंडळी वळणाआड दिसेनाशी झाली. स्वीप मात्र पहिल्यांदाच घाट चढणाऱ्या एका महिलेच्या मागे, तिला घाई वाटणार नाही इतके अंतर राखून, एकही उपदेश न करता चालत राहिला. न बोलण्याचे हे कसब वेगापेक्षा दुर्मीळ आहे.

माथ्यावर झेंडेवाडीजवळ तिचे मागचे चाक बसले. घामाने भिजलेले कपडे थांबल्यावर वाऱ्यात झपाट्याने गार पडतात, म्हणून वाट पाहणाऱ्यांना त्याने आधी पुढे पिटाळले. नवी ट्यूब घालायला वेळ लागत नाही. वेळ गेला तो काटा शोधण्यात. गारठलेली बोटे टायरच्या आतल्या बाजूने हलके फिरवत त्याने दोन फेऱ्या पूर्ण केल्या, तिसऱ्या फेरीत बोट अडखळले, आणि बाहेरून मुळीच न दिसणारे बाभळीच्या काट्याचे टोक त्याने आतून उपसले. ते राहिले असते तर नवी ट्यूबही थोड्याच अंतरावर फुटली असती.

सासवडला चहा झाला. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हिवाळ्यात त्याच्या खट्ट्या बहाराची फळे रस्त्याकडेला विकायला असतात. तीही घेतली गेली. त्यानंतर मोबाइल निघाले. म्होरक्याची सरासरी २२ नव्हे, १९ भरली होती आणि त्याबद्दल थोडी हळहळही झाली. वेग नोंदवणारी ॲप सरासरी काढताना सहसा थांबलेला वेळ वगळतात. म्हणजे काटा शोधण्यात गेलेल्या वेळाची त्या हिशेबात नोंदच नव्हती आणि घाटातल्या संथ सोबतीने स्वीपचा स्वतःचा आकडा तेवढा खाली आणला होता. सदस्यांचे कर्तृत्व या आकड्यावर जोखणाऱ्या क्लबात मागे राहण्यास पुढे कोण तयार होईल, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू नाही. क्लबांनी सफरीच्या नोंदवहीत सरासरीच्या आधी दोन आकडे लिहावेत: निघाले किती आणि परतले किती.