सौर संचाचा जमाखर्च

सौर संच घेण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं खर्चाची बाजू आधीं मांडावी, असें आमचें सांगणें आहे. ९ वॅटचे ४ दिवे ५ तास, म्हणजे १८० वॅट-तास, २८ वॅटचा पंखा १० तास, म्हणजे २८०, एकूण ४६०. तुटीबद्दल चौथाई मिळवून ५७५. शिशाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक उतरविल्यास लवकर निकामी होते. सबब १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची, म्हणजे १२०० वॅट-तासांची घ्यावी. उघडिपींत पूर्ण तेजाचें ऊन दिवसास सुमारें ५ तास धरल्यास ११५ वॅटचें पॅनेल पुरेसें दिसतें. परंतु आषाढांत तें ऊन निम्म्यावर येतें, आणि गांवची वीजही त्याच दिवसांत वारंवार जाते. म्हणून पॅनेल २५० वॅटचें व चार्ज कंट्रोलर ३० अँपिअरचा घ्यावा. उन्हाळ्याच्या हिशेबानें घेतलेला संच स्वस्त पडतो खरा, पण ऐन गरजेच्या रात्रीं घर अंधारांत ठेवतो.