बटणं गेली कुठे?

नव्या मोटारींबद्दल शौकिनांची एक तक्रार हल्ली सगळीकडे ऐकू येते. एसीचा पंखा वाढवायचा तरी पडद्यावर बोट फिरवायचं! जुन्याच्या प्रेमातून आलेली ही कुरकुर आहे, असं म्हणून ती उडवून लावता येत नाही.

स्वीडनमधल्या ‘वी बिलेगारे’ या मोटार-मासिकाने 2022 मध्ये विमानांच्या धावपट्टीवर ताशी 110 किलोमीटर वेगाने गाड्या पळवून पाहिल्या. चालकांना सीट गरम करणं, रेडिओ स्टेशन बदलणं अशी किरकोळ कामं दिली होती. गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. 2005 च्या, बटणं असलेल्या व्होल्वो व्ही 70 मध्ये ती 10 सेकंदांत आटोपली. एमजी मार्व्हल आर या नव्या इलेक्ट्रिक गाडीत 44.6 सेकंद लागले आणि तेवढ्यात गाडी 1372 मीटर पुढे गेली होती.

बटणाची जागा बोटांना पाठ होते. सपाट काचेवर बोटांना काहीच लागत नाही, म्हणून नजर रस्त्यावरून काढावीच लागते. कंपन्यांना मात्र पडदा स्वस्त पडतो. (शोरूममध्ये तो झकास दिसतो, हेही आहेच.)

आता वारं फिरतंय. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या असण्याला गुण ठेवले आहेत. फोक्सवॅगननेही महत्त्वाची बटणं परत आणायचं जाहीर केलंय.

गाडी बघायला जाल तेव्हा सनरूफचं कौतुक नंतर करा. आधी, गाडी उभी असतानाच, काचेवरची वाफ घालवायची सोय न बघता हाताला लागते का, ते तपासा.